फाशीच्या वादात धर्म आणि भावना: कुठे चालतात, कुठे अंगाशी येतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फाशीच्या शिक्षेवर वादविवाद आहे आणि तुम्ही 'फाशी नको' या बाजूने बोलणार आहात. सुरुवात 'डोळ्यास डोळा या न्यायाने सारं जग आंधळं होईल' या वाक्याने करायची आणि शेवटी फाशीच्या आदल्या रात्रीचं वर्णन करायचं, असा बेत आहे. समोरची बाजू मारल्या गेलेल्या मुलीच्या आईचा आक्रोश मांडणार आणि 'दुष्टांचं निर्दालन हाच धर्म' म्हणणार, अशी तुमची अटकळ आहे. हे असलं काही वापरावं का, आणि समोरून आलं तर काय करावं?

मी फौजदारी अपिलांमध्ये शिक्षेच्या मुद्द्यावर युक्तिवाद करत आलो आहे, आणि अधूनमधून वक्तृत्वाच्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसतो. अशा प्रश्नाला नेहमी मिळणारं उत्तर 'भावना बाजूला ठेवा, मुद्द्याचं बोला' असं असतं. ते मला पटत नाही. खून ही भयंकर गोष्ट आहे हे आपल्याला आकडेवारीतून कळलेलं नसतं. राग, कणव आणि शरम या तिन्ही गोष्टी काढून टाकल्या तर या विषयावर बोलायला काही उरतच नाही. कायदाही भावनेला पूर्ण हद्दपार करत नाही. कोणती भावना कुठल्या दारातून आत येते, एवढंच तो पाहतो.

मी एकच कसोटी लावतो. तुमचं वाक्य ऐकल्यावर समोरच्याला 'हा निर्णय मला घ्यायचा आहे' असं अधिक जाणवतं, की 'निर्णय आधीच कुणीतरी घेतलेला आहे, मी फक्त मान डोलवायची' असं वाटतं? पहिलं होत असेल तर धर्म वापरा, भावना वापरा, हवं तर दोन्ही वापरा. दुसरं होत असेल तर ते वाक्य कितीही टाळ्या घेणारं असलं तरी तुमच्या विरोधात जाईल. आज गेलं नाही तर उलट प्रश्न येईल तेव्हा जाईल.

ही कसोटी मी घरी बसून शोधलेली नाही. अमेरिकेत फाशी द्यायची की नाही हे बहुतेक ठिकाणी ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेलं पंचमंडळ, ठरवते, त्यामुळे हा प्रश्न तिथल्या न्यायालयांपुढे फार उघडपणे आला. 1991 साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला होता. सरकारी वकिलाने ज्युरीला सांगितलं होतं की बायबलमध्येच खुन्याला ठार मारावं असं म्हटलं आहे. न्यायालयाने ती फाशी रद्द केली आणि यापुढे फाशी मागताना सरकार पक्षाने धर्मग्रंथाचा आधार घेतला तर शिक्षा टिकणार नाही, असं बजावलं. हे न्यायालय काही धर्मविरोधी नव्हतं. हरकत वेगळीच होती: कायद्याने ज्युरीला अमुक बाबी तोलायला सांगितल्या आहेत आणि वकील त्यांच्या हातात दुसराच, वरच्या अधिकाराचा कायदा देतो आहे. कोलोरॅडोत 2005 साली याच्या पुढची पायरी आली. तिथे वकिलाने काही केलं नव्हतं. ज्युरीतल्या काहींनी मुक्कामाच्या हॉटेलात बायबल उघडून उतारे काढले आणि चर्चेच्या वेळी ते इतरांना दाखवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती फाशीही टिकू दिली नाही. विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. माणूस ज्युरीत बसताना आपली श्रद्धा घरी ठेवून येत नाही, मग पुस्तक उघडलं म्हणून काय बिघडलं? पण मनात असलेली श्रद्धा आणि टेबलावर आदेशासारखा ठेवलेला उतारा यांत फरक आहे, असं बहुमताचं मत पडलं. मला तेच बरोबर वाटतं.

आता याला जोडून 1985 चा कॉल्डवेल खटला बघा. त्यात धर्माचा संबंधच नव्हता. सरकारी वकील ज्युरीला एवढंच म्हणाला होता की तुमचा निर्णय शेवटचा नाही, वरचं न्यायालय तो आपोआप तपासणार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली, कारण जबाबदारी दुसऱ्याची आहे असं वाटून घेतलेला मृत्यूचा निर्णय भरवशाचा नाही. म्हणजे देवाकडे बोट दाखवा की वरच्या न्यायालयाकडे, दोष एकच: ओझं खाली ठेवायला जागा करून दिली.

भावनेचं सर्वांत गाजलेलं भाषण याच्या नेमकं उलट आहे. 1924 साली शिकागोत क्लेरन्स डॅरो हा वकील दोन श्रीमंत तरुणांच्या बचावासाठी उभा राहिला. एक अठरा वर्षांचा, दुसरा एकोणीस. दोघांनी मिळून चौदा वर्षांच्या मुलाचा खून केला होता आणि लोक खवळलेले होते. डॅरोने गुन्हा कबूल करायला लावला, म्हणजे ज्युरी बाजूला झाली आणि शिक्षा एकट्या न्यायाधीशाने ठरवायची वेळ आली. मग तो तासन्‌तास बोलला. वय, आईबाप, युद्धाने माणसांना लावलेली रक्ताची सवय, कविता, सगळं आणलं. अश्रूंची तिथे काहीच कमतरता नव्हती. पण त्या भाषणाचा कणा वेगळा होता. जबाबदारी बारा जणांत वाटली गेली की फाशी देणं सोपं जातं, असं सांगून तो न्यायाधीशाला म्हणाला की ही मुलं फासावर गेली तर ते तुम्ही केलेलं असेल, इतरांनी मला भाग पाडलं असं तुम्हाला म्हणता येणार नाही. न्यायाधीशाने जन्मठेप दिली आणि मुख्य कारण म्हणून आरोपींचं वय नोंदवलं. भावना ओतप्रोत, पण ओझं एका तसूनेही हललेलं नाही. अशी भावना चालते.

भारतातल्या न्यायालयांत ज्युरी नाही, म्हणून हा धोका इथे नाही असं समजू नका. इथे तो दुसऱ्या वेषात आला. 1980 साली बचनसिंग खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी वैध ठरवली, पण विरळातल्या विरळ प्रकरणापुरती. त्याच निकालात असंही सांगितलं की न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये. तीनच वर्षांनी, 1983 च्या मच्छीसिंग खटल्यात, समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरली की समाज न्यायव्यवस्थेकडून फाशीचीच अपेक्षा करतो, अशी मांडणी आली. पुढे 2005 साली संसद हल्ला प्रकरणात, समाजाच्या या विवेकाचं समाधान फाशीनेच होईल असं निकालपत्रात लिहिलं गेलं. दरम्यान 1996 च्या एका निकालात गुन्ह्याचं स्वरूप तेवढं बघितलं गेलं, गुन्हेगाराची परिस्थिती नाही. 2009 साली महाराष्ट्रातल्या बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आणि त्याच्यावर विसंबलेले निकाल बचनसिंगच्या विरुद्ध असल्याचं सांगितलं.

माझं मत स्पष्ट आहे: 'समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी' हा धर्मग्रंथाच्या उताऱ्याचाच निधर्मी भाऊ आहे. ती कुणी मोजली, कशी मोजली, गावात मोजली की टीव्हीवर, हे कधी सांगितलं जात नाही. तुमच्या प्रतिपक्षाने देव न आणता 'जनतेचा आक्रोश' आणला तरी उत्तर तेच द्या: आक्रोश खरा आहे, त्याचा मान राखू, पण आक्रोशाने गुन्ह्याची तीव्रता कळते, या माणसाला सुधारायची शक्यता संपली आहे का हे कळत नाही. बचनसिंगने दोन्ही विचारायला सांगितलं आहे.

धर्माच्या दाखल्यांकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वक्ते सर्वांत जास्त इथे घसरतात.

पहिली गोष्ट. जवळपास प्रत्येक मोठ्या परंपरेत हा वाद आतल्या आतच झालेला आहे. ज्यूंच्या मिश्ना या प्राचीन धर्मनियमसंग्रहात, मक्कोत या भागात, सात वर्षांतून एकदा देहदंड देणाऱ्या न्यायसभेला विध्वंसक म्हटलं आहे; त्यातला धर्मपंडित एलाझार बेन अझऱ्या म्हणतो, सात नव्हे, सत्तर वर्षांतून एकदा. तार्फोन आणि अकिवा हे दुसरे पंडित म्हणतात, आम्ही त्या सभेत असतो तर कुणालाच कधी मारलं गेलं नसतं. आणि लगेच शिमोन बेन गमलिएलचं वाक्य येतं: मग त्यांनी इस्राएलात खुनी वाढवले असते. संपला उतारा. दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात, आणि दोन्ही पवित्र.

महाभारताच्या शांतिपर्वातला द्युमत्सेन आणि सत्यवान या बापलेकांचा संवाद तर फाशीवरच्या वादाचा नमुनाच आहे, आणि मला नवल वाटतं की तो भाषणांत कुणी आणत नाही. राजा द्युमत्सेनाच्या आज्ञेने माणसं वधासाठी नेली जात आहेत आणि सत्यवान आडवा येतो. वध हा धर्म असू शकत नाही, तो म्हणतो. एक दस्यू मारला की त्याची बायको, आई, बाप, पोरं, ज्यांचा काही अपराध नाही तीही मारली जातात. वाईट माणूसही कधी कधी सुधारतो, आणि वाईटाच्या पोटी चांगली संतती येते. बापाचं उत्तर तितकंच वजनदार आहे: मारायला योग्य त्यांना मारलं नाही तर धर्म आणि अधर्म यांतला भेदच पुसला जाईल. पूर्वी माणसं मऊ होती, धिक्काराने भागायचं. मग वाग्दंड आला, मग धनदंड, आता वधदंडाशिवाय चालत नाही. आजच्या कुठल्याही सभागृहात हेच चार मुद्दे फिरून फिरून येतात: निरपराध कुटुंब, सुधारण्याची शक्यता, कायद्याचा धाक, बिघडलेला काळ.

म्हणून समोरून 'दुष्टांचं निर्दालन हाच धर्म' आलं, तर त्यावर अहिंसेचा श्लोक फेकू नका. श्लोकाला श्लोक दिला की दोन्ही बाजूंचे भक्त खूश होतात आणि परीक्षक घड्याळ बघतो. त्यापेक्षा सांगा की ज्या परंपरेचं नाव तुम्ही घेता तिने हा प्रश्न मिटलेला मानला नाही, मोकळा ठेवला; मग सत्यवानाचा युक्तिवाद श्लोक म्हणून नाही, युक्तिवाद म्हणून मांडा. फासावर जाणाऱ्याच्या मुलाचं काय, या प्रश्नाला उत्तर द्यायला श्रद्धा लागत नाही. नास्तिकालाही ते द्यावंच लागतं.

कुराणाचा दाखला बहुतेकदा अर्धाच दिला जातो, दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या सूरेची 178 वी आयत खुनाबद्दल किसास, म्हणजे जशास तशी शिक्षा, सांगते आणि त्याच आयतीत वारसाने माफ केलं तर पुढे कसं वागावं हेही सांगते, आणि ती सवलत म्हणजे ईश्वराची दया असल्याचंही. लगेच पुढच्या आयतीत किसासमध्ये तुमच्यासाठी जीवन आहे असं येतं. शिक्षा आणि क्षमा एकाच दमात सांगितली आहे, त्यातलं एक कापून घेणारा वक्ता जाणकारासमोर दोन मिनिटं टिकत नाही.

'डोळ्यास डोळा' बद्दलही हीच सावधगिरी. बायबलच्या निर्गम या पुस्तकात तो नियम आहे, आणि अनेक अभ्यासक तो सूडाची मर्यादा म्हणून वाचतात: एका डोळ्याबद्दल एकच डोळा, सगळं घराणं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्याच नियमाचं नाव घेऊन त्याच्या पलीकडे जायला सांगतो. पण बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात राज्यकर्ता तलवार उगीच बाळगत नाही असंही आहे, आणि फाशीच्या बाजूचे ख्रिस्ती वक्ते ते काढणारच. तुम्ही ठरवलेलं वाक्य गांधीजींच्या नावाने सर्वत्र फिरतं, पण त्यांच्या लेखनात त्याचा ठोस ठिकाणा सापडत नाही. परीक्षकांत एखादा चोखंदळ वाचक असला तर पहिल्याच वाक्यावर तुमची पत जाईल. ते काढून टाका.

त्याऐवजी आधार हवा असेल तर 3 जून 1949 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर काय बोलले ते घ्या. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का यावर चर्चा चालू होती. ते म्हणाले की त्यापेक्षा मी देहदंडच रद्द करण्याच्या बाजूने आहे. कारण? हा देश मोठ्या प्रमाणावर अहिंसेचं तत्त्व मानतो. लोक ते प्रत्यक्षात पाळत नसतील, पण शक्य तेवढं पाळायला हवं अशी नैतिक आज्ञा म्हणून ते स्वीकारतात. बघा, हा धार्मिक परंपरेचा आधारच आहे. पण त्यात कुठलाही ग्रंथ उघडलेला नाही, 'अमुक म्हणतो म्हणून' नाही. तुम्ही जे मानता असं सांगता त्याला जागा, एवढंच. आणि लोक ते पाळत नाहीत हेही आधीच कबूल केलेलं, त्यामुळे खोडायला जागा उरत नाही. धर्म वापरायचा तर असा वापरावा. ऑगस्ट 2018 मध्ये कॅथलिक चर्चने आपल्या धर्मशिक्षणग्रंथात देहदंड अस्वीकार्य असल्याचं लिहिलं, तेही वापरता येईल. पण 'पोप म्हणतात' म्हणून नाही, तर शतकानुशतकं देहदंड मान्य करणारी संस्था कोणत्या कारणांनी फिरली हे सांगण्यासाठी. कारणं सांगायला वेळ नसेल तर नाव घेऊ नका.

भावनेबद्दल आता. पीडितेच्या आईचं दुःख समोरून येईल तेव्हा सर्वांत मोठी चूक म्हणजे घाईने 'पण' म्हणणं. थांबा. ते दुःख खरं आहे हे त्यांच्याइतक्याच जोराने म्हणा. त्यानंतर दोन गोष्टी बोलता येतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली शिक्षेच्या सुनावणीत पीडित कुटुंबाची निवेदनं नाकारली होती आणि 1991 साली, पेन खटल्यात, तो निर्णय फिरवून ती चालतील असं ठरवलं. 1987 च्या निकालातली एक शंका मात्र पुसली गेलेली नाही: ज्याच्यामागे रडणारं कुणी नाही, किंवा ज्याच्या घरच्यांना नीट बोलता येत नाही, त्याचा जीव स्वस्त का? प्रतिपक्षाला हे विचारा. अनाथ मुलीच्या खुन्याला सूट देणार का? उत्तर 'नाही' असंच येणार, आणि मग आईचे अश्रू शिक्षेचं माप ठरत नाहीत हे त्यांनीच मान्य केलेलं असेल.

दुसरी गोष्ट, सगळ्याच घरांना फाशी हवी असते हे गृहीत धरू नका आणि धरूही देऊ नका. कोरेटा स्कॉट किंग यांचा नवरा, मार्टिन ल्यूथर किंग, आणि सासू दोघांचा खून झाला, तरी त्यांनी फाशीला जाहीर विरोध केला. गांधीजींच्या खुन्यांची फाशी रद्द व्हावी असं त्यांच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, सांगितलं होतं. 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्यात फाशी झालीच. पण ही नावं फेकताना जपा. 'त्यांनी माफ केलं, मग तुम्ही का नाही' असा सूर लागला की तुम्ही दुःखात असलेल्या माणसाला शिकवणी देता आहात. एवढंच म्हणा की दुःख सगळ्यांना एकाच निष्कर्षावर नेत नाही, म्हणून दुःखातून शिक्षा आपोआप निघत नाही.

आणि मग तो ठरलेला प्रश्न: 'तुमच्या घरच्यांवर वेळ आली असती तर?' 13 ऑक्टोबर 1988 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या दूरचित्रवाणी चर्चेत उमेदवार मायकेल डुकाकिसना हाच प्रश्न, पत्नीचं नाव घेऊन, विचारला गेला. ते शांतपणे म्हणाले, नाही, मी आयुष्यभर फाशीच्या विरोधात आहे, तिने जरब बसते याचा पुरावा नाही. आणि पुढच्या धोरणावर गेले. उत्तरात चूक काहीच नव्हती, तरी लोकांना हा माणूस थंड वाटला आणि ते उत्तर त्यांना भोवलं. कारण प्रश्न धोरणाचा नव्हता, 'तुम्ही माणूस आहात का' असा होता. त्याला आधी माणसासारखं उत्तर द्यावं लागतं: मला त्याचा गळा स्वतःच्या हाताने आवळावासा वाटेल. आणि म्हणूनच त्या खटल्यात कुठलंही न्यायालय मला न्यायाधीश म्हणून बसवणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्या. घाईत म्हटलं तर पाठ केलेलं वाटतं.

फाशीच्या आदल्या रात्रीच्या वर्णनाबद्दल मी साशंक आहे. दोरखंड, पहाट, शेवटचं जेवण यांतून श्रोत्याच्या अंगावर काटा येतो, पण काटा बळीच्या शेवटच्या तासाचं वर्णन ऐकूनही येतो, आणि ते वर्णन करायला समोरची बाजू मोकळी आहे. या शर्यतीत तुम्ही हरणार, कारण त्यांचा माणूस निरपराध होता. तुम्हाला माणूसच उभा करायचा असेल तर असा करा की ज्याच्यावर वाद नाही. टिमोथी एव्हान्सला आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल इंग्लंडमध्ये 1950 साली फाशी झाली. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात राहणारा जॉन ख्रिस्टी, आणि हा ख्रिस्टी अनेक बायकांचा खुनी असल्याचं तीन वर्षांनी उघड झालं. 1966 साली एव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. विशेषणं लावू नका, वर्षं आणि घटना ओळीने सांगा. भावना त्या क्रमातच आहे.

आरोपीचं आयुष्य सांगायचं असेल तर तेही चालतं, आणि आता त्याला भारतात भक्कम आधार आहे. मे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीचा विचार करताना आरोपीचं बालपण, कुटुंब, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक यांची माहिती न्यायालयासमोर यायलाच हवी असं सांगितलं. म्हणजे करुणेला कागदपत्रांचा रस्ता मिळाला. 'बिचारा गरीब होता' म्हणू नका. काय घडलं होतं ते सांगा आणि त्याचा निर्णयाशी संबंध जोडा.

एक गोष्ट तुमच्या बाजूच्या लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. फाशीने खून कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही, तसंच कमी होत नाहीत हेही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2012 साली तोवरचे अभ्यास तपासून, त्यांच्यावरून दोन्हीपैकी कोणताही निष्कर्ष काढू नये असंच म्हटलं. म्हणून 'विज्ञान आमच्या बाजूला, भावना तुमच्या बाजूला' असा आव आणू नका. फाशीच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद धाकाचा नाहीच. काही कृत्यांना याहून कमी शिक्षा दिली तर मेलेल्याच्या जिवाची किंमत आपणच कमी लेखतो, हा आहे. तो नैतिक आहे, त्याच्या मुळाशी राग आहे, आणि तो राग अडाणी नाही. त्याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. चुकीची दुरुस्ती न होणं, आणि द्युमत्सेनाच्या राज्यात काय किंवा आजच्या न्यायालयात काय, मारायचं कुणाला हे माणसांनीच निवडणं, इथून उत्तर द्यावं लागतं.

भाषणाचा क्रम विचाराल तर आंबेडकरांपासून सुरुवात करा, मग सत्यवान, आणि एव्हान्स मध्यावर. शेवटची दोन मिनिटं कोऱ्या कागदावर ठेवा, कारण घरच्यांचा तो प्रश्न तोवर आलेला असेल, आणि त्याचं उत्तर ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांना धरून द्यावं लागेल.